चार डोळ्यांची भिंगरी

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला एका यंत्रापुढे बसवले. यंत्र म्हणजे काय, तर आडवे धरलेले एक पांढरे घंगाळच म्हणा ना! हनुवटी एका खोबणीत टेकायची, कपाळ पट्टीला लावायचे, एक डोळा झाकून घ्यायचा आणि दुसऱ्याने घंगाळाच्या मधोमध असलेल्या ठिपक्याकडे टक लावून पाहायचे. मग घंगाळात इकडेतिकडे बारीक दिवे चमकतात. दिवा दिसला की हातातले बटण दाबायचे. मी मोठ्या उत्साहाने बटण दाबत होतो. पण मध्येच बराच वेळ एकही दिवा चमकेना. यंत्र बिघडले असावे असे वाटून मी तसे बोलूनही दाखवले. यंत्र बिघडले नव्हते.

"कडेची नजर बरीच गेली आहे," डॉक्टर म्हणाले. "घरात कुणाला काचबिंदू होता का?"

"आजोबांना होता. आईच्या वडिलांना. पण तेव्हा गावात सगळे मोतीबिंदूच म्हणायचे."

दोन्ही डोळ्यांत रोज थेंब घालायचे, गेलेले परत येणार नाही, आहे ते सांभाळायचे, असे सांगून त्यांनी माझी बोळवण केली. रिक्षात बसलो तरी ते पांढरे घंगाळ डोळ्यांपुढून हलेना. आणि त्याच्या मागून दुसरे एक घंगाळ वर आले. ते तांब्याचे होते, आणि त्यात किडे होते.

माझे आजोळ राजापूर तालुक्यात. घराच्या मागे आगर, आगर उतरले की पऱ्या. मे महिन्यात पऱ्याचे वाहणे थांबे आणि खडकांच्या कुशीत दोन-तीन डोह तेवढे उरत. त्या डोहांवर काळ्या, चकचकीत, कलिंगडाच्या बीएवढ्या किड्यांचा घोळका सतत गरगरत असे. आम्ही पोरे त्यांना भिंगऱ्या म्हणत असू. तुमच्याकडे दुसरे काही नाव असेल. पाण्यावर नुसती सावली पडायचा अवकाश, की तो सगळा घोळका वेडा झाल्यासारखा गोल गोल पळत सुटे. एवढी गर्दी, एवढा वेग, पण कुणी कुणावर आदळत नसे. आमच्या गावच्या जत्रेत माणसांना जे साधत नाही ते या किड्यांना साधत होते. त्यांना धरणे महाकठीण. ओंजळ घालावी तर ओंजळीत पाणीच येई. पंचा दोन्हीकडून ताणून धरला, तरच चार-दोन सापडत. सापडलेली भिंगरी हातात धरली की बोटांना एक चमत्कारिक वास लागे आणि तो जेवणाच्या वेळेपर्यंत जात नसे.

१९५८ सालची गोष्ट. मी तेरा वर्षांचा होतो. मामेभावाने नि मी मिळून बारा भिंगऱ्या धरल्या आणि पडवीतल्या घंगाळात सोडल्या. वर पंचा बांधला, कारण या किड्यांना पंख असतात नि ते उडूनही जातात. रात्री कंदील मालवल्यावर आम्ही घंगाळाला कान लावला. आत काही म्हणता काही आवाज नाही. मामेभाऊ म्हणाला, यांना मांजरासारखे अंधारात दिसते. मी म्हणालो, दिसत नाही, मिशांनी कळते. मला तेव्हा काही ठाऊक होते अशातला भाग नाही. मामेभाऊ जे म्हणेल त्याच्या उलट म्हणायचे, एवढेच माझे शास्त्र होते. पैज लागली. पणाला एक चाकू होता, शिंपल्याच्या मुठीचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील माणसे झोपल्यावर मी काटा काढायचा चिमटा घेतला आणि पाच भिंगऱ्यांच्या मिशा उपटल्या. या मिशा काही झुरळासारख्या लांब नसतात. डोक्याच्या दोन अंगांना दोन आखूड, जाडसर गाठी असतात, एवढेच. हात न थरथरता मी ते काम केले याची आज मला जास्त लाज वाटते. उरलेल्या सात भिंगऱ्या बादलीत ठेवल्या, आणि मिशा काढलेल्या पाच घंगाळात.

संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात त्या पाचही जणी व्यवस्थित पोहत होत्या. मामेभाऊ चाकू मागू लागला. मी म्हटले, थांब, कंदील मालवू दे. कंदील मालवला. थोडा वेळ शांतता. आणि मग घंगाळातून बारीकसा आवाज आला. टक्. पुन्हा, टक् टक्.

आम्हा दोघांच्या आधी तो आजोबांनी ऐकला होता. ते पडवीच्या टोकाला खाटेवर पडलेले असत. सात-आठ वर्षांपासून त्यांना काही दिसत नव्हते.

"घंगाळात काय आहे रे?"

"भिंगऱ्या, आजोबा."

"काल पण होत्या ना? काल नव्हत्या वाजत."

मी गप्प बसलो. मामेभावाने सगळे सांगून टाकले. आजोबा उठून बसले. त्यांनी बादली जवळ आणायला लावली नि तिच्यावर कान धरला. बादली गप्प होती. मग घंगाळावर कान धरला. नंतर मला म्हणाले, "कंदील लाव बघू." कंदील लावल्यावर घंगाळ वाजायचे थांबले. "आता मालव." ते पुन्हा वाजू लागले. असे त्यांनी तीनदा करायला लावले. उजेड आहे की अंधार हे त्यांचे त्यांना समजत नव्हते. मी सांगायचो आणि ते ऐकायचे.

"उजेडात डोळे सांभाळून घेतात," ते म्हणाले. "अंधारात काठी लागते. तू त्यांची काठी काढून घेतलीस."

त्यांची स्वतःची काठी खाटेला टेकून उभी होती. ते रागावले नाहीत, हे फार वाईट झाले. सकाळी मी सगळ्या भिंगऱ्या डोहात नेऊन सोडल्या. उन्हात त्या बाकीच्या घोळक्यात मिसळल्या, आणि कुठल्या माझ्या नि कुठल्या नाहीत हे मला ओळखता येईना. रात्री त्यांचे काय झाले ते मी पाहायला गेलो नाही. चाकू मला मिळाला. तो मी पुढे कधी वापरला नाही.

कॉलेजात प्राणिशास्त्र घेतले तेव्हा समजले की जर्मनीत एगर्स नावाच्या शास्त्रज्ञाने हाच उद्योग रीतसर करून १९२७ साली छापलाही होता. मिशा काढलेल्या भिंगऱ्या भांड्याच्या कडेवर आदळतात, हेच त्यानेही पाहिले. त्याच्यापाशी प्रयोगशाळा होती. माझ्यापाशी आजोबा होते.

आता त्या गाठीसारख्या मिशीत काय आहे ते सांगतो, कारण एवढ्याशा जागेत एवढी करामत मी दुसरीकडे पाहिलेली नाही. मिशीचा दुसरा सांधा होडीसारखा फुगीर असतो आणि त्याला केसांची झालर असते. हा सांधा पाण्याच्या पातळ सायीवर तरंगत राहतो. पाण्याला साय असते, हे वाचकांना मी सांगायला नकोच. सुई अलगद ठेवली तर पाण्यावर तरंगते, ती त्या सायीमुळे. होडीच्या पुढे मिशीचा उरलेला भाग, एक लहानशी गदा, पाण्याच्या वर हवेत असतो. पाण्यावर तरंग आला की होडी हलते, पण गदा आपल्या जडपणामुळे जागच्या जागी राहू पाहते. होडी आणि गदा यांच्यामध्ये हा जो जरासा फरक पडतो, तो मोजणारे इंद्रिय होडीच्या पोटात दडलेले असते. याला जॉन्स्टनचे इंद्रिय म्हणतात. बाल्टिमोरच्या ख्रिस्तोफर जॉन्स्टन या डॉक्टरने ते १८५५ मध्ये डासाच्या मिशीत वर्णिले. डासाचा नर मादीच्या पंखांची गुणगुण याच इंद्रियाने ऐकतो. म्हणजे डासाच्या बाबतीत जो कान, तोच भिंगरीच्या बाबतीत पाण्यावर टेकलेली काठी.

एखादी माशी पाण्यात पडून फडफडू लागली की तिचे तरंग सगळीकडे पसरतात आणि भिंगरी नेमकी तिच्यावर जाते. तिचे पोट याच मार्गाने भरते. अंधारात कड चुकवण्याची गोष्ट मात्र जरा अवघड आहे. पाण्याच्या पृष्ठभागावरचा तरंग सेकंदाला २३ सेंटिमीटरपेक्षा सावकाश जाऊच शकत नाही, असा निसर्गाचा नियम आहे. भिंगरी याहून हळू पोहली तर तिच्यामागे होडीसारखी लाट उठत नाही. याहून वेगाने पोहली, आणि ती सेकंदाला अर्धा मीटरपर्यंत जाते, तर अगदी बारीक तरंग तिच्याही पुढे धावतात. टकर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये हे सगळे मोजले आणि एक सुंदर कल्पना मांडली. पुढे धावणारे तरंग कडेवर आपटून परत येत असतील आणि भिंगरी आपल्याच तरंगांचा प्रतिध्वनी वाचत असेल, वटवाघूळ आपल्याच आवाजाचा वाचते तसा. कल्पना इतकी देखणी, की ती पुस्तकांतून चाळीसहून अधिक वर्षे सिद्ध झाल्यासारखी फिरत राहिली. फ्रान्समधल्या दोघा संशोधकांनी २०१४ मध्ये स्पष्ट सांगितले की बाबांनो, याला अजून पुरावा नाही. मला स्वतःला दुसरी एक शक्यता जास्त पटते. पाणी कडेला जरा वर चढते, भांड्यातल्या चहाकडे पाहिलेत तर तुम्हालाही दिसेल. तो चढ होडीला लागत असेल. पण हे माझे म्हणणे झाले. घंगाळ मी त्यानंतर कधी घेतले नाही.

आणि आता डोळे. भिंगरीला चार डोळे असतात. दोन वर, दोन खाली. पोहताना पाण्याची रेषा बरोबर या दोन जोड्यांच्या मधून जाते, म्हणजे वरची जोडी आकाश पाहते आणि खालची डोहाचा तळ. वरून बगळा आला तरी कळते, खालून मासा आला तरी कळते. दक्षिण अमेरिकेत अ‍ॅनाब्लेप्स नावाचा मासा आहे, त्यालाही चार डोळ्यांचा म्हणतात. पण त्याचे खरे तर दोनच डोळे, बाहुल्या तेवढ्या दुभागलेल्या. भिंगरीचे चार ते अस्सल चार. २०१४ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्यांना दिसले की वरच्या डोळ्याच्या पृष्ठावर भूलभुलैयासारखी अतिसूक्ष्म नक्षी असते आणि खालचा गुळगुळीत असतो. हवेत पाहायचे डोळे निराळे, पाण्यात पाहायचे निराळे. विहिरीत बुडी मारून डोळे उघडले की सगळे धूसर दिसते, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्याला एकच जोडी मिळाली, आणि ती हवेची.

याहून विलक्षण गोष्ट डोळ्यांच्या मागे आहे. बहुतेक किड्यांच्या मेंदूत छत्रीच्या आकाराचे दोन पिंड असतात. शिकणे, लक्षात ठेवणे ही कामे तिथे चालतात, आणि तिथे येणारी बातमी मुख्यतः मिशांकडून, वासाची येते. भिंगरीच्या मिशा तर तरंग मोजण्यात गुंतलेल्या. मग त्या पिंडांचे काय झाले? ते ओस पडायला हवे होते. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात लिन आणि स्ट्रॉसफेल्ड यांनी २०१२ मध्ये दाखवले, की भिंगरीच्या या पिंडांत वासाच्या जागी दृष्टीची बातमी येते, आणि तीही फक्त वरच्या डोळ्यांकडून. खालच्या डोळ्यांना तिथे प्रवेश नाही. रिकामे झालेले घर दुसऱ्या इंद्रियाने भाड्याने घेतले, म्हणा. हे वाचले तेव्हा मला आजोबांचे कान आठवले. नजर गेल्यावर ते पायरीवर काठी टेकून, आवाजावरून, अंगणात कोण आले ते सांगत. पाऊस येणार हे पऱ्याच्या वाहण्यावरून ओळखत. किड्यात हे व्हायला लक्षावधी वर्षे लागली असतील. आजोबांना सात-आठ पुरली.

पाणकिड्यांच्या डोक्याकडे एकदा लक्ष गेले की मग ते सुटत नाही. पहिल्या पावसात बत्तीवर येऊन आदळणारे मोठे काळे किडे आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. ते बहुधा दोन जातींपैकी असतात. एक सिबिस्टर, शिकारी. दुसरा हायड्रोफिलस, पाण्यातली शेवाळे नि कुजका पाला खाणारा. श्वास घ्यायला शिकारी वर येतो तो शेपटीकडून, दुसरा येतो तो डोक्याकडून. हा दुसरा आपल्या मिशीने पाण्याची साय फोडतो, आणि मिशीवरच्या न भिजणाऱ्या केसांमधून हवा आत घेऊन छातीपोटाखाली साठवतो. पाण्यात त्याच्या पोटाखाली चांदीचा पत्रा चकाकतो ना, ती ही हवा. मिशी नळी झाली, मग चाचपायचे कशाने? तोंडाजवळच्या दोन बारीक दांड्या एरवी अन्नाची चव घेतात. त्या याच्यात मिशीपेक्षाही लांब वाढल्या आणि चाचपण्याचे काम त्यांनी घेतले. पोरे त्यांनाच मिशा समजतात. मीही समजत होतो.

आणि माझ्यासारख्या दुहेरी भिंगांचा चष्मा लावणाऱ्याने नमस्कार करावा असा एक प्राणी आहे. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनात आणि मेक्सिकोत एक ठिपक्यांचा शिकारी पाणकिडा असतो. त्याच्या अळीला डोक्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा, असे बारा डोळे. त्यांतले मुख्य डोळे नळीसारखे लांब. सिनसिनाटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की त्या डोळ्यांतले भिंग चक्क दुहेरी आहे. एकाच भिंगातून एक जवळची नि एक लांबची अशा दोन प्रतिमा उमटतात, आणि त्या टिपायला मागे दोन निराळे पडदेही आहेत. अळी मान वर-खाली करीत, पट्टी-पट्टीने, भक्ष्य न्याहाळते आणि मग झडप घालते. माझ्या दुहेरी चष्म्यातून जिन्याची शेवटची पायरी मला अजून नीट सापडत नाही. मीही मान वर-खाली करतो. फरक एवढाच, की अळीचा नेम चुकत नाही.

गेल्या जूनमध्ये आजोळी गेलो होतो. मामेभावाचा नातू पुण्याला नोकरी करतो. त्याने नवी गाडी घेतली आहे, गर्द लाल. ती अंगणात उभी होती. पहिली सर येऊन गेली होती, दिवेलागण व्हायची होती, आणि मी पडवीत, जिथे आजोबांची खाट असे तिथेच खुर्ची टाकून बसलो होतो. बाजूला मामेभाऊ. आता तो ब्याऐंशी वर्षांचा आहे आणि त्याला जवळजवळ ऐकू येत नाही. पोरगा गाडी पुसत होता.

टक्.

मी कान टवकारले. थोड्या वेळाने पुन्हा, टक्.

"गाडीवर काय पडतंय रे?" मी विचारले.

"किडे आहेत, आजोबा. काल पण पडत होते. काळे, मोठे. आपटतात नि टपावरच फिरत बसतात."

मी त्याला जवळ बोलावून सांगितले. पाण्यावरून परतणारा उजेड आणि इतर उजेड यांत फरक असतो. पाण्यावरून येताना उजेडाची कंपने आडवी होऊन येतात. आपल्याला तो फरक दिसत नाही, पाणकिड्याला दिसतो. रात्री उडताना डोह कुठे आहे हे तो या आडव्या उजेडावरून ओळखतो. जर्मनीतल्या श्विंड यांनी १९८० नंतरच्या दशकात हे शोधून काढले. डोह, तळी, विहिरी याखेरीज असा उजेड परतवणारी वस्तू किड्यांच्या साऱ्या इतिहासात फारशी नव्हती. आता आहेत. काचा आहेत, काळे प्लास्टिक आहे, सौर वीजपट आहेत, आणि चकचकीत गाड्या आहेत. हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवले की लाल आणि गडद रंगाच्या गाड्यांवर पाण्यातले किडे जास्त येतात, कारण किड्याच्या डोळ्याला तो टप पाण्यासारखा दिसतो. कधी कधी पाण्याहूनही जास्त पाणीदार. काही किडे त्यावर अंडीही घालतात.

"म्हणजे त्याला वाटतं की ही विहीर आहे?"

"त्याचे डोळे उत्तम आहेत. गाडी खोटे बोलते आहे."

पोरगा हसला. मग मोबाइलचा दिवा लावून टपावर वाकला. मला तिथून गाडीचा लाल रंगही धड दिसत नव्हता, नुसता काळोखाचा एक उंचवटा दिसत होता. त्याने चार किडे गोळा केले आणि विचारले, "यांना टाकू कुठे?"

"मागे पऱ्याचा डोह आहे ना अजून?"

"आहे. पण अंधार पडलाय, आजोबा. वाट निसरडी झालीय. तुम्ही नका येऊ."

मामेभावाने, त्याला काय ऐकू आले कोण जाणे, कोपऱ्यातली काठी उचलून माझ्या हातात दिली. पोरगा पुढे दिवा घेऊन, मी मागून काठी टेकीत, असे आम्ही आगर उतरलो. डोहाशी आल्यावर त्याने मूठ उघडली. चार वेळा बारीकसा आवाज झाला, पण तो पाण्याचा होता.